भाताच्या तुसातली गारगोटी

भात गिरणीत घातले की त्याच्या तीन वाटा होतात. तांदूळ माणसाच्या वाट्याला येतो, कोंडा गुराकोंबड्यांच्या, आणि तूस कोणाच्याच वाट्याला येत नाही. ‘कोंड्याचा मांडा करावा’ असे आपली म्हण सांगते. तुसाचा मांडा करा असे मात्र आजवर कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. गुरे तूस खात नाहीत. ते लवकर कुजतही नाही. पावसात भिजत पडले तरी वर्षभराने जवळजवळ तसेच दिसते. कशेडी घाटाच्या पायथ्याला, पोलादपूरच्या अंगाला, आमच्या भागातल्या गिरण्यांमागे दिवाळीनंतर तुसाचे ढीग वाढत जातात आणि वीटभट्टीवाल्यांचे टेंपो ते उचलून नेतात. गिरणवाल्याची जागा मोकळी होते, भट्टीवाल्याला स्वस्तात जळण मिळते. तुसाची कहाणी एवढ्यावर संपते असे आपण सगळे धरून चालतो.

पण याच तुसापासून सिलिकॉन कार्बाइड नावाचे सिरॅमिक बनते. कठीणपणात ते हिऱ्याच्या पंक्तीला बसते, दीड हजार अंश उष्णतेतही आपला आकार सोडत नाही, आणि कारखान्यांतली घासचाके, भट्ट्यांचे अस्तर, चिलखतातल्या पट्ट्या त्याच्या करतात. मी कला शाखेची विद्यार्थिनी आहे. रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीच्या पुस्तकापुरता. तेव्हा जे समजले ते माझ्यासारख्याच वाचकांना समजेल अशा रीतीने सांगते. विज्ञान शाखेच्या मित्रमैत्रिणींनी थोडे सांभाळून घ्यावे.

प्रथम सिरॅमिक म्हणजे काय ते पाहू. शब्द परका असला तरी वस्तू घरातलीच आहे. कुंभाराचे मडके, कौल, वीट, चहाची कपबशी ही सारी सिरॅमिकच. धातू नसलेला पदार्थ आकार देऊन भाजायचा आणि दगडासारखा पक्का करायचा, एवढेच त्यातले मर्म. मडक्यासाठी नदीकाठची माती चालते. जिथे पोलादही टिकत नाही अशा जागी वापरायच्या सिरॅमिकला मात्र ठरावीक मूलद्रव्यांचे, नेमक्या प्रमाणात जुळवलेले पदार्थ लागतात. सिलिकॉन कार्बाइड आणि सिलिकॉन नायट्राइड ही त्यांतली दोन मोठी नावे. पहिल्यात सिलिकॉन आणि कार्बन असतो, दुसऱ्यात सिलिकॉन आणि हवेतला नत्रवायू.

आता सिलिकॉन भाताच्या तुसात आला कोठून? वाळू, गारगोटी, काच यांत असणारा पदार्थ म्हणजे सिलिका, अर्थात सिलिकॉन आणि प्राणवायू यांचे संयुग. जमिनीतल्या पाण्यात ते अत्यल्प प्रमाणात विरघळलेले असते. बहुतेक झाडे त्याच्याकडे फारसे लक्ष देत नाहीत, पण भात, ऊस, बांबू यांच्यासारखी गवताच्या कुळातली झाडे ते आवर्जून ओढून घेतात. भातामध्ये तर यासाठी मुळांत खास दारेच असतात. त्या दारांचा नियंत्रक जनुक जपानमधील ओकायामा विद्यापीठाच्या जिआन फेंग मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली शोधून काढला. मुळांतून वर गेलेले हे पाणी पानांतून आणि दाण्याच्या टरफलातून उडून जाते. सिलिका मागे राहते आणि कातडीखाली काचेसारखी थिजते. म्हणून भाताचे पान बोटाला कापते, तूस अंगाला खाजते, आणि कापणीच्या दिवसांत विळ्याची धार दुपारपर्यंत मरते. आपण भात कापत असतो तेव्हा बारीक बारीक काचही कापत असतो, हे माझ्या तरी कधी मनात आले नव्हते.

झाड हा खटाटोप उगीच करत नाही. सिलिकेने पेंढा ताठ राहतो, वाऱ्यापावसात भात लोळत नाही, करप्याच्या बुरशीला पानात शिरणे अवघड जाते आणि खोडकिडीच्या अळीचे दात झिजतात.

तुसाचे प्रमाण भाताच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतके असते. तूस जाळले तर त्याच्याही पाचव्या हिश्श्याइतकी राख उरते, आणि त्या राखेत शंभरात पंच्याऐंशी ते पंच्याण्णव भाग निव्वळ सिलिका असते. लाकडाची राख मूठभर होते आणि तुसाची टोपलीभर, याचे कारण हेच. आमची आजी पितळेची भांडी तुसाच्या राखेने घासत असे, आणि राखुंडीलाही तीच राख. ती भांडी लखलखीत का होत याचे उत्तर या आकड्यांत आहे : ती मऊ राख म्हणजे अतिसूक्ष्म गारगोटीची पूड होती.

राख कशी जाळली यावर सारे अवलंबून असते, आणि इथे जरा थांबले पाहिजे. साधारण सातशे अंशांच्या आत, भरपूर हवा देऊन तूस सावकाश जाळले तर सिलिका अस्फटिक राहते, म्हणजे तिच्या कणांची मांडणी काचेसारखी विस्कळीत असते. अशी राख रासायनिक दृष्ट्या जागी असते. चुन्याशी, सिमेंटशी ती चटकन संयोग पावते. कानपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत पी. सी. कपूर यांनी १९८० च्या दशकात यासाठी जाळीच्या टोपलीत नळी बसवलेली एक साधी शेगडी तयार केली होती. पंखा नाही, वीज नाही, तूस आपोआप सावकाश जळत राहते. कॅलिफोर्निया विद्यापीठात पी. कुमार मेहता यांनी १९७० च्या दशकातच तुसाच्या राखेचे सिमेंट करण्यावर काम केले होते. उलट आच नऊशे-हजार अंशांपुढे गेली की सिलिका स्फटिकरूप होऊ लागते. मग ती राख निष्क्रिय होते, शिवाय धोक्याचीही. स्फटिकरूप सिलिकेची धूळ वर्षानुवर्षे श्वासातून गेली तर सिलिकोसिस हा फुप्फुसांचा असाध्य रोग जडतो. वीटभट्टीवर राख उपसणाऱ्यांच्या तोंडाला फडके सुद्धा नसते. आमच्या भागात हे काम बहुधा कातकरी कुटुंबे करतात, आणि त्यांच्या खोकल्याला ‘धूर लागला’ म्हणून सोडून देण्याची रीत आहे.

आणखी एक गोष्ट. घरी जाळलेल्या तुसाची राख पुष्कळदा काळी राहते, कितीही वेळ निखाऱ्यावर ठेवली तरी पांढरी होत नाही. तुसात थोडे पालाश असते. त्याच्यामुळे सिलिका लवकर मऊ होते आणि कोळशाच्या कणांभोवती तिचे कवच तयार होते. आत अडकलेल्या कोळशाला मग हवा मिळत नाही. प्रयोगशाळेत यासाठी तूस आधी सौम्य आम्लात उकळून धुतात. पालाश, चुना, लोह निघून जाते आणि राख पांढरीशुभ्र मिळते. अर्थात आम्ल आले की धुवणाचे पाणी आले. ते पाणी कोठे सोडायचे, हा प्रश्न सावित्रीकाठच्या माणसाला कोणी शिकवायला नको.

आता मुख्य प्रयोगाकडे वळू. सिलिकॉन कार्बाइड माणसाच्या हाती लागले ते अपघाताने. १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड ॲचेसन हा संशोधक कृत्रिम हिरे बनवण्याच्या खटपटीत होता. माती आणि कोकची पूड लोखंडी भांड्यात घेऊन त्याने तीतून जबर वीजप्रवाह सोडला, तेव्हा चकाकणारे काही स्फटिक मिळाले. हे कार्बन आणि कोरंडम यांचे मिश्रण असावे अशी समजूत होऊन त्याने ‘कार्बोरंडम’ हे नाव दिले. समजूत खोटी निघाली, नाव मात्र टिकले. यातली गंमत अशी की कोरंडम हा शब्द मुळात आपल्याकडचाच, तमिळमधून इंग्रजीत गेलेला. आपण ज्याला कुरुंदाचा दगड म्हणतो तोच हा. तेव्हा अमेरिकेत जन्मलेल्या वस्तूच्या नावात आपला कुरुंद बसलेला आहे.

ॲचेसनच्या पद्धतीनेच आजही बहुतेक सिलिकॉन कार्बाइड बनते : वाळू आणि पेट्रोलियम कोक यांचा मोठा ढीग, मधून ग्रॅफाइटचा गाभा, आणि दोन हजार अंशांच्याही वर नेणारी वीज. आपल्या रायगड जिल्ह्यातही या वस्तूचा वापर नवा नाही. उरणजवळ मोरा येथे १९४१ साली सुरू झालेल्या ग्राइंडवेल कंपनीच्या घासचाकांच्या कारखान्याचे नाव या धंद्यात पहिल्या काहींत घेतले जाते. बाजारात विळ्याकोयत्यांना धार लावायला जो काळसर, चमचम करणारा दगड मिळतो तोही बहुधा कार्बोरंडमचाच असतो. भातातली सिलिका विळ्याची धार घालवते आणि तीच सिलिका कोळशाबरोबर तापवली तर धार लावणारा दगड होते!

वाळू आणि कोक यांना दोन हजार अंश लागतात, मग तुसाला तेराशे ते पंधराशे अंशांतच कसे भागते? याचे उत्तर स्वयंपाकघरातल्या उदाहरणाने देते. बेसनात खडीसाखरेचे खडे टाकून लाडू वळायला गेलो तर खडे एकीकडे, बेसन एकीकडे. पिठीसाखर घातली तर कणाला कण भिडतो. वाळूचा कण आणि कोकचा कण एकमेकांना फक्त कडेला शिवतात. आतला भाग तसाच राहतो, म्हणून आच वाढवावी लागते. तुसात मात्र सिलिका डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म कणांच्या रूपाने वनस्पतीच्या धाग्यांतच विणलेली असते. तूस हवाबंद भांड्यात तापवले की ते जळत नाही, त्याचा कोळसा होतो, आणि त्या कोळशात सिलिका जागच्या जागी राहते. म्हणजे मिसळण्याचे कष्ट भाताच्या रोपाने चार महिने शेतात उभे राहून आधीच घेतलेले असतात. पुढे आणखी तापवले की सिलिकेतला काही प्राणवायू सुटतो, तिची वाफ होते, ती कोळशाशी संयोग पावते आणि सिलिकॉन कार्बाइड जमू लागते. उरलेला जादा कोळसा शेवटी हवेत सातशे अंशांवर जाळून टाकतात. हीच भट्टी नत्रवायूच्या प्रवाहात चालवली आणि उष्णता सांभाळली तर सिलिकॉन नायट्राइड मिळते.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या आयव्हन कटलर यांना तुसापासून सिलिकॉन कार्बाइड करण्याचे पेटंट १९७३ साली मिळाले. त्यांच्या भट्टीत सिलिकॉन कार्बाइडचे कणच नव्हे तर केसासारखे लांब स्फटिकही तयार झाले. वाफ आणि कोळसा यांच्या खेळात ते उगवतात. हे केस चिनीमातीसारख्या ठिसूळ सिरॅमिकमध्ये मिसळले की, मातीच्या गिलाव्यात पेंढा घातल्यावर भिंत जशी तडकत नाही, तसे ते सिरॅमिक चिवट होते. १९८० च्या दशकात साउथ कॅरोलिना राज्यातील ग्रीर या गावी तुसापासून असे केस व्यापारी प्रमाणावर बनू लागले आणि कठीण मिश्रधातू कापणाऱ्या पात्यांत ते वापरले गेले. आपल्या देशात खरगपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत कृष्णराव, गोडखिंडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कच्चे तूस थेट तापवून जास्तीत जास्त केस कसे मिळतील याचा अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध केला. भुवनेश्वरच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत २००२ साली विजेच्या ज्वालेने, म्हणजे प्लाझ्मा भट्टीत, हेच काम काही मिनिटांत करून दाखवण्यात आले. अलीकडे अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेने तुसाबरोबर गव्हाचा कोंडा, ज्वारीची पाने, भुईमुगाची टरफले यांच्यावरही असे प्रयोग केले. ज्वारीची पाने म्हटल्यावर घाटावरच्या मैत्रिणींनीही कान टवकारायला हरकत नाही.

एवढे वाचून एखाद्याला वाटेल की उद्या पोलादपुरात कारखाना काढावा. मी थोडा हिशेब मांडून पाहिला. एक क्विंटल भाताचे वीस किलो तूस, त्याची चार किलो राख, तीत साडेतीन किलोंच्या आसपास सिलिका. साठ भाग सिलिकेचे चाळीस भाग सिलिकॉन कार्बाइड होते. म्हणजे एकही कण वाया न जाता सव्वादोन किलोंच्या आसपास. प्रत्यक्षात त्याहून कमीच. त्यासाठी लागणारी दीड हजार अंशांची भट्टी, हवा बाहेर ठेवणारा वायू, अखंड वीज आणि माल तपासणारी यंत्रे यांपैकी काहीही गावपातळीवर उभे राहणारे नाही. मोटारींच्या विद्युत नियंत्रकांत जे सिलिकॉन कार्बाइड लागते त्याची शुद्धता तर तुसाच्या आवाक्याबाहेरचीच म्हणावी लागेल. तेव्हा कारखाना निघाला तरी तो दूर कोठेतरी निघेल, आणि आपल्याकडून जाईल ते तूस किंवा फार तर राख. पोलादाच्या कारखान्यांत वितळलेल्या धातूवर उष्णता धरून ठेवायला तुसाची राख पसरतातच. गुडइयर कंपनी तर तिच्यातली सिलिका टायरमध्येही घालते. याचा अर्थ गिऱ्हाईक तयार आहे.

नेमकी इथेच मला खरी अडचण दिसते. या विषयावर जिथे जिथे लिहिलेले सापडते तिथे तुसाला ‘शेतीतला कचरा’ म्हटलेले असते. कचरा म्हटले की तो नेणारा उपकार करतो असे ठरते. पण हा कचरा आहे की नाही, हे शेताला विचारायला नको का?

कोकणातला पाऊस जमिनीतून काय काय धुऊन नेतो याचा पुरावा जांभा दगड आहे. लाखो वर्षांच्या पावसाने मूळ खडकातली सिलिका विरघळून वाहून गेली आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहिले, तेव्हा जांभा तयार झाला. आपल्या मातीतही हेच सावकाश चालू आहे. सावित्री बाणकोटच्या खाडीला जाताना गाळाबरोबर विरघळलेली सिलिकाही घेऊन जाते. त्यात आपण दरवर्षी पेंढा आणि तूस शेताबाहेर काढतो. मृदाशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांनी सहकाऱ्यांसह १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात हाच मुद्दा मांडला होता : भाताचे उत्पन्न घटण्यामागे जमिनीतले पिकाला मिळू शकणारे सिलिकॉन संपत जाणे हे एक कारण असू शकेल. त्यांनी सांगितलेल्या ‘चारसूत्री’ भातलागवडीचे पहिलेच सूत्र आहे की भाताचे अवशेष भातालाच परत द्या. रोपाच्या गादीवाफ्यात दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो तुसाची काळी राख मिसळावी, अशी त्यांची शिफारस. त्याने रोपे काटक होतात आणि किडीला सहजी बळी पडत नाहीत. आपले बापजादे राब भाजायचे, त्यात पालापाचोळ्याबरोबर तूसही असायचे. ते रसायनशास्त्र शिकलेले नव्हते, पण राखेवरचे रोप ताठ होते हे त्यांना दिसत होते.

आता दुसरा हिशेब. आमच्याकडे दहा गुंठे लावणीला एक गुंठा रोपाचे वाफे धरतात. गुंठा म्हणजे सुमारे शंभर चौरस मीटर. त्याला कमीत कमी पन्नास किलो राख हवी. दहा गुंठ्यांत साडेतीन क्विंटल भात झाले असे धरले, तर त्याचे तूस सत्तर किलो. पूर्ण जाळले तर राख चौदा किलो. अर्धवट जाळून काळी ठेवली तर पंचवीसच्या घरात. म्हणजे स्वतःच्या शेताचे सारे तूस परत आणले तरी वाफ्यांची निम्मी गरज भागत नाही. ज्या वस्तूची घरातच निम्म्याने तूट आहे तिला कचरा कोणत्या हिशेबाने म्हणायचे? ज्या मुलखात मोठमोठ्या गिरण्या आहेत आणि तुसाचे डोंगर रस्त्याच्या कडेला जळतात, तिथली गोष्ट वेगळी. तिथल्या तुसाचे कार्बोरंडम जरूर व्हावे. मात्र डोंगरउतारावरच्या दहा-वीस गुंठ्यांच्या शेतकऱ्याच्या तुसाला तोच नियम लावता येणार नाही.

हा दुसरा हिशेब मी घरी बाबांना वाचून दाखवला. कार्बोरंडमशी त्यांना कर्तव्य नव्हते, पण पन्नास आणि पंचवीस हे आकडे त्यांनी दोनदा विचारून घेतले. आमच्याकडे तूस गिरणीवरच सोडण्याची रीत आहे. कांडणावळीबरोबर ते गिरणवाल्याचेच धरले जाते. ते घरी आणायचे तर कांडणावळीचा दर बदलणार का, की रिकामी पोती आपण न्यायची एवढ्यावर भागेल, हे बाबांना आधी ठरवून घ्यायचे आहे. गिरणवाल्याशी ते दिवाळीनंतर, नवे भात घरात आले की बोलणार आहेत.